डायजेस्ट ठेवायचा की काढायचा?

मेलवरून चालणाऱ्या जवळपास प्रत्येक चर्चागटात डायजेस्टचा, म्हणजे गटावरचे अनेक मेल एकत्र बांधून पाठवण्याच्या सोयीचा, वाद कधी ना कधी निघतो. कुणीतरी वैतागून लिहितं, ‘डायजेस्टवाल्यांनी पुन्हा अख्खा गठ्ठा उत्तराखाली चिकटवलाय, ही सोय एकदाची बंद करा.’ लगेच दुसरा उठतो, ‘डायजेस्ट गेला तर मीही गेलो.’ अ‍ॅडमिन मत मागवतो. आणि बरेच सभासद गप्प बसतात, कारण डायजेस्ट म्हणजे नेमकं काय आणि तो गेला तर आपल्या इनबॉक्सचं काय होणार, हेच त्यांना नीट ठाऊक नसतं.

हा लेख त्या गप्प बसलेल्यांसाठी आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: डायजेस्ट ठेवावा, पण आहे तसा नाही. या वादात दोन गोष्टींची गल्लत होते. डायजेस्ट वाचायला चांगला आहे आणि उत्तर द्यायला वाईट. तक्रारी जवळपास सगळ्या उत्तरांबद्दल असतात, आणि शिक्षा मात्र वाचणाऱ्यांना होते.

## मुळात लिस्ट चालते कशी?

असा चर्चागट म्हणजे मेलिंग लिस्ट, आणि मेलिंग लिस्ट म्हणजे एक सामाईक पत्ता. त्या पत्त्यावर कुणी मेल टाकला की सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर त्याच्या प्रती काढतं आणि प्रत्येक सभासदाला एकेक पाठवतं. पूर्वी सभासदांची यादी माणसं हाताने सांभाळत. कुणी सभासद वाढला की नाव टाका, कुणी गेला की नाव काढा. १९८६ साली एरिक थॉमस या विद्यार्थ्याने पॅरिसमध्ये लिहिलेल्या लिस्टसर्व्हने हे नोंदणीचं काम यंत्राकडे सोपवलं. पुढे मेजरडोमो आला, मेलमॅन आला, मग गूगल ग्रुप्ससारख्या सेवा आल्या. रूपं बदलली, गाभा तोच राहिला: एक मेल आत, शेकडो मेल बाहेर.

या ‘शेकडो’कडे जरा थांबून बघू. समजा लिस्टवर ४०० सभासद आहेत आणि दिवसाला २० मेल पडतात. म्हणजे सर्व्हर रोज ८,००० मेल बाहेर पाठवतो. प्रत्येक सभासदाच्या इनबॉक्सात लिस्टचेच रोज २० मेल. चर्चा तापली की हाच आकडा पन्नासवर जातो, आणि त्यातले पंधरा तरी ‘अगदी सहमत’ एवढ्याच मजकुराचे असतात.

म्हणून सभासदाला पर्याय देतात. प्रत्येक मेल आल्या आल्या हवा, की सगळे एकत्र बांधून हवेत, की मेल नकोच, वेळ मिळेल तेव्हा लिस्टच्या वेबवरच्या संग्रहात जाऊन वाचेन. यातला मधला पर्याय म्हणजे डायजेस्ट. पोस्टमनने दिवसातून वीसदा दार वाजवून एकेक पत्र द्यायचं, की संध्याकाळी एकदाच सुतळीने बांधलेला गठ्ठा द्यायचा, एवढाच फरक. पत्रं तीच असतात, त्यातला शब्दही कमी होत नाही.

## गठ्ठा कधी बांधला जातो?

बरेच जण समजतात की डायजेस्ट म्हणजे ‘रोज एक मेल’. तसं असेलच असं नाही. मेलमॅन या बहुवापराच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन अटी असतात. साठलेल्या मजकुराचं आकारमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की गठ्ठा, म्हणजे डायजेस्टचा अंक, लगेच सुटतो. ही मर्यादा सुरुवातीला ३० किलोबाइट ठेवलेली असते. आणि मर्यादा गाठली नाही तरी दिवसातून एकदा, जे काही साठलंय ते पाठवून दे, असंही सांगता येतं. म्हणजे शांत दिवशी एक अंक आणि वादाच्या दिवशी सहा अंक, असं होऊ शकतं. ‘मी डायजेस्ट घेतला तरी दिवसभर मेल येतातच’ ही तक्रार इथून येते. दोष डायजेस्टचा नाही, ३० किलोबाइटचा आहे, आणि तो आकडा अ‍ॅडमिनला एका मिनिटात बदलता येतो.

देवनागरीत लिहिणाऱ्या लिस्टला हा आकडा आणखीच तोकडा पडतो. इंग्रजी अक्षराला साठवणीत १ बाइट लागतो. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, आणि प्रत्येक काना, मात्रा, वेलांटीसुद्धा, ३ बाइट घेते. मेलच्या प्रवासासाठी असा मजकूर बहुधा आणखी एका सांकेतिक रूपात भरला जातो आणि दर ३ बाइटचे ४ होतात. हिशोब केला तर ३० किलोबाइटात देवनागरीची साडेसात हजारांच्या आसपास चिन्हं मावतात. जरा ऐसपैस लिहिणारे चार सभासद असले की अंक भरला. ज्यांची लिस्ट मराठी किंवा हिंदीत चालते त्यांनी ही मर्यादा तिपटीच्या आसपास नेऊन बघावी.

अंकाची मांडणी साधारण ठरलेली असते. विषयाच्या ओळीत लिस्टचं नाव, खंड आणि अंक क्रमांक. आत सुरुवातीला लिस्टची माहिती, मग ‘आजचे विषय’ अशी अनुक्रमणिका, आणि मग एकामागोमाग एक मेल.

पण हे मेल आत कसे ठेवलेत, यावरून डायजेस्टच्या दोन जाती होतात. पुढचा सगळा वाद त्यांच्यातल्या फरकावर उभा आहे. पहिली जात साध्या मजकुराची. सगळे मेल सलग एका लांबलचक कागदावर उतरवल्यासारखे, मध्ये फक्त रेघा. दुसरी जात माइम डायजेस्टची. माइम म्हणजे एका मेलमध्ये अनेक स्वतंत्र भाग ठेवण्याची पद्धत. यात आतला प्रत्येक मेल आपापल्या मूळ पाठवणाऱ्यासह, विषयासह, जोडलेल्या फायलींसह अखंड राहतो. फक्त बाहेरचं वेष्टन एक असतं.

## ही कल्पना आली कुठून?

डायजेस्ट हे आळशी वाचकांसाठी मागाहून केलेलं लाड आहे, असा एक समज आहे. तसं नाही. इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटच्या काळात जोडण्या मंद होत्या आणि एकेक मेल शेकडो ठिकाणी पोहोचवणं यंत्रांना जड जाई. म्हणून मोठ्या गटांचे संपादक दिवसभराचे मेल चाळून, निवडून, एकत्र पाठवू लागले. संगणकामुळे उद्भवणाऱ्या धोक्यांवर पीटर न्यूमन यांनी १९८५ साली सुरू केलेला रिस्क्स डायजेस्ट हा या परंपरेतला सगळ्यात नावाजलेला. तिथे डायजेस्ट हाच मूळ पदार्थ होता, सुटे मेल नव्हेत.

या गठ्ठ्यांना एकसारखं रूप यावं म्हणून १९९० साली आरएफसी ११५३ हा दस्तऐवज निघाला. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम आणि संकेत लिहून ठेवणाऱ्या क्रमांकित नोंदी. यात किती बारकाई आहे बघा: प्रस्तावना संपली की ७० आडव्या रेघांची ओळ, दोन मेलच्या मध्ये ३० रेघांची ओळ, शेवटी ‘डायजेस्ट समाप्त’ अशी खूण. कशासाठी? तर वाचणाऱ्याच्या संगणकावरच्या सॉफ्टवेअरला त्या रेघा ओळखून गठ्ठा सोडता यावा आणि आतले मेल पुन्हा सुटे करता यावेत. थोडक्यात, गठ्ठा प्रवासापुरता बांधायचा आणि घरी पोहोचल्यावर सोडायचा, अशी मूळ योजना होती. पुढे माइमने हेच काम जास्त नीट केलं.

आपल्या आजच्या मेल अ‍ॅपनी यातला दुसरा भाग सोडून दिला. गठ्ठा येतो, पण सोडायची सोय बहुतेक ठिकाणी नाही. निम्मी भांडणं इथून सुरू होतात.

## खरं दुखणं: ‘रिप्लाय’चं बटण

समजा डायजेस्टचा अंक आला, त्यात अठरा मेल आहेत. अकराव्या मेलात कुणीतरी प्रश्न विचारलाय आणि तुम्हाला उत्तर माहीत आहे. तुम्ही रिप्लाय दाबता, वर लिहिता, ‘हो, हे सेटिंग बदललं की चालतं,’ आणि पाठवून देता.

लिस्टवर काय पोहोचतं? विषयाची ओळ: ‘री: अमुक डायजेस्ट, खंड १२, अंक ७’. कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, काही बोध नाही. ‘हे सेटिंग’ म्हणजे कोणतं, तेही नाही. त्याखाली अठराच्या अठरा मेल, प्रत्येक ओळीपुढे अवतरणाची खूण, शेवटी पुन्हा लिस्टची तळटीप. सहाशे ओळींत तुमची एक ओळ.

बिघाड एवढ्यावर थांबत नाही. मेल अ‍ॅप एकाच विषयावरची पत्रं एका माळेत लावतात, ज्याला आपण थ्रेड म्हणतो. त्यासाठी विषयाची ओळ पुरेशी नसते. प्रत्येक मेलला स्वतःचा एक ओळख-क्रमांक असतो, आणि उत्तराच्या शीर्षभागात, म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या सहसा न दिसणाऱ्या नोंदींत, ‘हे अमुक क्रमांकाच्या मेलला उत्तर आहे’ अशी नोंद जाते. डायजेस्टला उत्तर दिलं की नोंद होते ती डायजेस्टच्या क्रमांकाची. मूळ प्रश्नाशी धागा जुळत नाही. सुटे मेल घेणाऱ्यांकडे तर तो डायजेस्ट आलेलाच नसतो, त्यामुळे त्यांच्या अ‍ॅपला हे उत्तर कुठे लावायचं कळत नाही. वेबवरच्या संग्रहातही ते असंच भरकटलेलं राहतं. पाच वर्षांनी तोच प्रश्न पडलेला माणूस शोधत येतो, त्याला प्रश्न सापडतो, उत्तर सापडत नाही.

आणि एक गंमत, अ‍ॅडमिनला रडवणारी. अख्खा डायजेस्ट चिकटवलेलं ते उत्तर स्वतःच ३० किलोबाइटच्या वर जातं. म्हणजे मर्यादा ओलांडली. म्हणजे पुढचा अंक लगेच सुटला, त्यात जवळजवळ मागचाच अंक, अवतरणाच्या खुणा लावून. त्यालाही कुणीतरी उत्तर दिलं की डायजेस्टच्या पोटात डायजेस्ट, त्याच्या पोटात डायजेस्ट.

मेलमॅन प्रत्येक अंकाच्या माथ्यावर विनंती छापतं की बाबांनो, उत्तर देताना विषयाची ओळ बदला, नेमकी लिहा. वर्षानुवर्षं छापतं. ती ओळ कुणी वाचत नाही, कारण दर अंकाला तीच असते.

तेव्हा वैतागणाऱ्यांचा वैताग खरा आहे. पण इथे लोकांच्या शिस्तीला दोष देऊन काही साधत नाही. सॉफ्टवेअरने पुढ्यात जे बटण ठेवलंय ते माणूस दाबणार.

## ‘मग फिल्टर लावा ना!’

डायजेस्टच्या विरोधकांचा हा हुकमी एक्का. इनबॉक्स भरतो म्हणून डायजेस्ट हवा? मग लिस्टचे मेल आपोआप वेगळ्या फोल्डरमध्ये जातील असा फिल्टर लावा, आणि वेळ मिळेल तेव्हा ते फोल्डर उघडा. थ्रेड शाबूत, उत्तर सरळ, कुणाला त्रास नाही.

युक्तिवाद बराचसा बरोबर आहे. नीट चालणाऱ्या लिस्टच्या प्रत्येक मेलच्या शीर्षभागात लिस्टची कायमची ओळख असते (२००१ सालच्या आरएफसी २९१९ने तिचं रूप ठरवून दिलं), आणि तिच्यावर लावलेला फिल्टर चुकत नाही. ज्यांना हे जमतं त्यांच्यासाठी फिल्टर डायजेस्टपेक्षा सरस आहे, यात मला शंका नाही.

पण ‘ज्यांना जमतं’ हे शब्द वगळून चालत नाही. डायजेस्ट लिस्टच्या बाजूने एकदा लावला की झालं, सभासद कोणत्याही अ‍ॅपवरून वाचो. फिल्टर प्रत्येकाने आपापल्या मेलसेवेत शोधून, समजून लावायचा. कुणाचा मेल कार्यालयाचा, तिथे नियम त्यांचे. कुणाची मेलपेटी लहान, फोल्डर वेगळं केलं तरी जागा तेवढीच जाते. आणि फोल्डरमध्ये साचलेले ३४० न वाचलेले मेल डोळ्यांसमोर नसले तरी डोक्यात असतात. गठ्ठ्याला एक शेवट असतो. शेवटच्या मेलपर्यंत आलात की आजचं वाचून झालं. हा दिलासा फोल्डर देत नाही.

## एकदम वाचण्याने खरंच फरक पडतो का?

लिस्टच्या डायजेस्टवरच केलेलं नसलं, तरी शेजारच्या विषयावर संशोधन आहे. कोस्तादिन कुशलेव आणि एलिझाबेथ डन यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२४ प्रौढांना एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल बघायला सांगितलं आणि एक आठवडा हवा तितक्यांदा. तीनदाच बघण्याच्या आठवड्यात त्यांना ताण कमी जाणवला. २०१९ साली फोनवरच्या सूचनांबद्दल असाच प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात कुशलेवही होते. दिवसातून तीन ठरलेल्या वेळी सूचना एकत्र मिळालेल्यांना जास्त बरं वाटलं, लक्ष लागलं. सूचना पूर्ण बंद केलेल्यांचं मात्र भलतंच झालं. आपलं काहीतरी सुटतंय या विचाराने त्यांची अस्वस्थता वाढली.

लिस्टच्या वादात हा दुसरा निष्कर्ष मला मोलाचा वाटतो. ‘डायजेस्ट नको, ज्यांना मेल जास्त होतात त्यांनी मेल बंद करून वेबवर वाचावं’ असं सुचवणारे हेच विसरतात. ठरलेल्या वेळी येणारं काहीतरी आणि स्वतःहून आठवणीने जाऊन बघायचं काहीतरी, या दोन गोष्टी एक नाहीत. वेबवर जाऊन वाचू म्हणणारे पहिले दोन आठवडे जातात.

## मेल पोहोचण्याची बाजू

आता एक मुद्दा, जो या वादात फारसा कुणी काढत नाही आणि अ‍ॅडमिनच्या दृष्टीने सगळ्यात वजनदार आहे: सुटे मेल पोहोचवणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय.

खोट्या नावाने येणाऱ्या मेलना आळा घालायला डीमार्क नावाची व्यवस्था आली. ‘माझ्या डोमेनचं नाव लावून आलेला मेल खरोखर माझ्याकडून आलाय का तपासा, आणि तपासणीत नापास झाला तर काय करायचं ते असं,’ असं डोमेनचा, म्हणजे मेलच्या पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाचा, मालक यात जाहीर करतो. पत्रासाठी छान. लिस्टसाठी पंचाईत. कारण लिस्ट नेमकं तेच करते जे लबाड माणूस करतो: दुसऱ्याचं नाव प्रेषक म्हणून ठेवून स्वतःच्या सर्व्हरवरून मेल पाठवते. वर विषयाच्या ओळीत लिस्टचं नाव घालते, खाली तळटीप जोडते, त्यामुळे मूळ मेलवरची डिजिटल सहीसुद्धा मोडते.

एप्रिल २०१४मध्ये याहूने जाहीर केलं की आमच्या नावाचा नापास मेल सरळ नाकारा. पाठोपाठ एओएल या मेलसेवेनेही तेच केलं. जगभरच्या लिस्ट कोलमडल्या. याहूवरून कुणी लिस्टवर लिहिलं की जीमेलसारख्या सेवा तो मेल परत पाठवत. परत आलेले मेल मोजून लिस्टचं सॉफ्टवेअर समजे की घेणाऱ्याचाच पत्ता बंद पडलाय, आणि ज्याने काहीच केलं नव्हतं अशा सभासदाची सेवा थांबवे.

या गोंधळात डायजेस्ट घेणारे सुखरूप होते. कारण डायजेस्टचा प्रेषक लिस्ट स्वतः असते. पत्ता लिस्टचा, सर्व्हर लिस्टचा, सही लिस्टची. तपासणीत नापास व्हायचं कारणच नाही. पुढे लिस्टनी सुट्या मेलमध्येही प्रेषकाच्या जागी ‘अमुक, लिस्टमार्फत’ असं नाव आणि लिस्टचा पत्ता घालायला सुरुवात केली. ते डायजेस्टच्याच मार्गाने जाणं होतं.

फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम आणखी आवळले. जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्या डोमेनवर जादा अटी आहेत, आणि मेल ‘स्पॅम’ म्हणून नोंदवला जाण्याचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवावं लागतं. वरचाच हिशोब पुन्हा बघा. ४०० सभासद जीमेलवर असतील तर दिवसाला १३ सुटे मेल पडले की ५,०००चा उंबरठा ओलांडला. तेच ४०० लोक दिवसाला एक अंक घेत असतील तर मेल फक्त ४००. शिवाय इनबॉक्स भरल्यावर लिस्ट सोडायचा दुवा शोधण्याऐवजी सरळ ‘स्पॅम’चं बटण दाबणारे महाभाग प्रत्येक लिस्टवर असतात. त्यांना डायजेस्टकडे वळवणं लिस्टच्या तब्येतीला चांगलं.

याला उलटी बाजू आहे, तीही सांगायला हवी. गठ्ठ्यातल्या एका मेलमध्ये संशयास्पद दुवा असला तर स्पॅमची चाळणी अख्खा गठ्ठा अडवू शकते. एक मेल गेला की दिवस गेला. आणि अंक फार फुगला तर जीमेल साधारण १०२ किलोबाइटनंतर मजकूर कापून ‘पूर्ण मेल पाहा’ असा दुवा दाखवतं. अनेक वाचक तो दुवा बघतच नाहीत आणि अंक संपला समजतात. म्हणजे ३० कमी म्हणून मर्यादा ३०० करणंही शहाणपणाचं नाही. ८०-९०च्या आसपास थांबावं.

## ‘डायजेस्टवाले तसेही काही लिहीत नाहीत’

हा आक्षेप उघडपणे कमी आणि मनात जास्त असतो. बहुसंख्य डायजेस्टवाले गप्प वाचक असतात, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

एक तर लिस्टवर सगळेच लिहू लागले तर लिस्ट चालायची नाही. वाचणारे आहेत म्हणून लिहिणाऱ्यांना अर्थ आहे. दुसरं, गप्प वाचक कायम गप्प नसतात. वर्षभर नुसतं वाचणारा माणूस एखाद्या दिवशी असा मेल टाकतो की बाकीचे थक्क होतात, कारण तो त्याच्या हातचा विषय निघालेला असतो. तो दिवस येईपर्यंत त्याला लिस्टवर टिकवून ठेवण्याचं काम डायजेस्ट करतो.

यातला खरा आक्षेप वेगळा आहे. डायजेस्टवाला उशिरा वाचतो. सकाळी विचारलेल्या प्रश्नाला दुपारपर्यंत तिघांनी उत्तर दिलेलं असतं, आणि रात्री अंक वाचणारा, पहिला मेल वाचल्या वाचल्या, चौथं तेच उत्तर लिहितो. चर्चा पुढे गेलेली असते आणि हा मागच्या वळणावर उभा. पुढचे मेल त्याच अंकात असतील तर थोडं खाली सरकून बघावं, एवढी अपेक्षा ठेवता येते. पण उत्तरं पुढच्या अंकात असतील तर बिचाऱ्याला कळणार कसं?

म्हणून मदत मागण्यासाठी असलेल्या, तातडीच्या लिस्टवर डायजेस्टचा फायदा कमी आणि तोटा जास्त, हे मान्य. सर्व्हर बंद पडलाय, कुणाला काही सुचतंय का, अशा मेलना अंकात बांधून रात्री पाठवण्यात अर्थ नाही. आठवड्याला दोन मेल पडणाऱ्या लिस्टवरही डायजेस्ट निरर्थक आहे. एका पत्राचा गठ्ठा बांधून काय मिळवायचं? तिथे तो काढला तर मी हरकत घेणार नाही. वाद आहे तो मधल्या, रोज दहा-वीस मेल पडणाऱ्या, विचारविनिमयाच्या लिस्टबद्दल.

## मग ठेवायचा कसा?

आधी साध्या मजकुराचा डायजेस्ट मागे सारावा. नव्या सभासदाने डायजेस्ट मागितला तर त्याला माइमचा मिळावा, साधा मुद्दाम मागितला तरच. साध्या डायजेस्टमध्ये जोडलेल्या फायली निघून जातात आणि त्यांच्या जागी नुसता दुवा उरतो. शिवाय वेगवेगळ्या लिपींतले मेल एका कागदावर उतरवताना जुन्या सेटिंगच्या लिस्टवर देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. माइममध्ये प्रत्येक मेल आपल्या लिपीसह येतो, आणि थंडरबर्डसारख्या संगणकावरच्या प्रोग्राममध्ये आतला एकच मेल उघडून त्यालाच उत्तर देता येतं. विषय बरोबर, धागा बरोबर, खाली फक्त तोच मेल. साधा मजकूर पूर्ण काढू नये, कारण मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असलेल्यांना एकसलग कागद सोयीचा पडू शकतो. त्यांना विचारावं, परस्पर ठरवू नये.

फोनवर मात्र माइम अडखळतो. अनेक अ‍ॅप आतले मेल जोडलेल्या फायलींसारखे दाखवतात, एकेक उघडत बसा. फोनवर वाचणाऱ्यांसाठी तिसरा मार्ग बरा: अंकात प्रत्येक मेलचा विषय, पाठवणारा, सुरुवातीच्या ओळी, आणि खाली संग्रहातल्या त्या मेलचा दुवा. गूगल ग्रुप्समध्ये पूर्ण डायजेस्टखेरीज असा संक्षिप्त प्रकार मिळतो. वाचणाऱ्याला आढावा मिळतो, आणि उत्तर द्यायचं असेल तर तो दुव्यावरून मूळ मेलपाशी पोहोचतो.

पण नुसत्या विनंतीवर विसंबून चालणार नाही, दार यंत्रानेच अडवायला हवं. विषयाच्या ओळीत ‘डायजेस्ट, खंड’ असं आलेलं उत्तर लिस्टवर न जाता थांबून राहील आणि पाठवणाऱ्याला नम्र सूचना परत जाईल, असा नियम मेलमॅनसारख्या लिस्ट सॉफ्टवेअरमध्ये लावता येतो. सूचनेत दोनच गोष्टी असाव्यात: विषय बदला आणि खालचा फापटपसारा काढा. जोडीला सुट्या मेलच्या आकारालाही मर्यादा घालावी, म्हणजे विषय बदलून पण गठ्ठा तसाच ठेवून पाठवलेलं उत्तरही अडकतं. वर्षानुवर्षं माथ्यावर छापलेल्या विनंतीने जे झालं नाही ते दोन-तीनदा मेल परत आल्यावर होतं.

## काढायचाच ठरला तर

एवढं करूनही गटाने डायजेस्ट बंद करायचं ठरवलं, तर एक गोष्ट आधी तपासावी. मेलमॅनच्या जुन्या, अजूनही बऱ्याच ठिकाणी चालणाऱ्या दुसऱ्या आवृत्तीत डायजेस्टची सोय बंद केली की डायजेस्ट घेणारे सभासद आपोआप सुट्या मेलकडे वळत नाहीत. अ‍ॅडमिनच्या पानावर इशारा येतो: लिस्टवर डायजेस्टचे सभासद आहेत पण डायजेस्ट बंद आहे, या लोकांना मेल मिळणार नाहीत. खाली त्यांचे पत्ते. इशारा बघायचा राहून गेला तर त्या सभासदांना ना गठ्ठा मिळतो, ना सुटी पत्रं. लिस्टच शांत झाली असं त्यांना वाटतं, आणि महिनाभर कुणाची तक्रार आली नाही म्हणून अ‍ॅडमिनला वाटतं की डायजेस्ट कुणी वाचतच नव्हतं.

म्हणून बटण दाबण्याआधी शेवटचे दोन-तीन अंक फक्त या सूचनेसाठी वापरावेत: अमुक तारखेपासून अंक येणार नाही, सुटे मेल हवेत की मेल बंद हवेत ते कळवा, फिल्टर असा लावा. उत्तर न देणाऱ्यांना कुठे टाकायचं हे आधी ठरवून त्याच सूचनेत लिहावं. आणि ही सूचना अंकाच्या माथ्यावरच्या ठरावीक मजकुरात घालू नये. तिथलं कुणी वाचत नाही, हे वर आलंच आहे. ती स्वतंत्र मेल म्हणून लिस्टवर टाकावी, म्हणजे ‘आजचे विषय’मध्ये तिचं नाव येईल.